मोरस साखर आणि समुद्रापलीकडची माणसे

दिंडीच्या शताब्दीची स्मरणिका, आणि तीत मॉरिशस बेटावर लेख कशाला, असा प्रश्न स्मरणिकेच्या बैठकीत निघालाच. प्रश्न रास्त आहे. आपली वाट पंढरीची. तिला चंद्रभागा आडवी येते, समुद्र येत नाही. पण या लेखाचे कारण आपल्याच घरात, आपल्याच डब्यात आहे, ते आधी सांगतो.

आमच्या आज्या-पणज्यांच्या तोंडी एक शब्द होता, मोरस साखर. घरात रोजचा गूळ असायचा, काकवी असायची. पण पाहुण्याचा चहा असो की सत्यनारायणाचा शिरा, पांढरी साखर लागली की म्हातारी म्हणायची, "वाण्याकडून पावशेर मोरस आण." मोरस म्हणजे मॉरिशस. ती साखर त्या बेटावरून आगबोटीने मुंबईला यायची आणि तिथून बाजारपेठेत पसरायची. पुढे आपल्याकडे कारखाने झाले, साखर इथलीच झाली, तरी कित्येक घरांत नाव मोरसच राहिले. आता तो शब्दही म्हाताऱ्या माणसांबरोबर चालला आहे.

आम्ही विचार केला तो एवढाच : ही साखर ज्या उसाची, तो ऊस तोडला कोणी? उत्तर शोधत गेलो तर त्या तोडणाऱ्यांत आपलीही माणसे निघाली. कोकणातली, घाटावरची, मराठी बोलणारी. म्हणून हा लेख.

बेट केवढे, माणसे किती

मॉरिशस हा हिंदी महासागरातला छोटा देश. मुंबईहून नैर्ऋत्येला सुमारे ४,७०० किलोमीटर, आफ्रिकेजवळच्या मादागास्कर या मोठ्या बेटाच्याही पूर्वेला. मुख्य बेटाची लांबी साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपले दोन मोठे तालुके. माउलींची पालखी आळंदीहून पंढरीला जायला अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालते. त्या हिशेबाने हा अख्खा देश या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला तीन-चार मुक्काम पुरतील.

वस्ती सुमारे साडेबारा लाख. आषाढीला पंढरीत जेवढा समाज लोटतो असे म्हणतात, जवळपास तेवढेच त्या देशाचे सगळे लोक. २०११ च्या जनगणनेत शंभरातले ४८ हिंदू, २६ रोमन कॅथलिक, १७ मुसलमान आणि बाकीचे इतर ख्रिस्ती व अन्य धर्मांचे असे प्रमाण निघाले. चिनी वंशाचेही थोडे लोक आहेत. सरकारी कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये, आणि घरात व रस्त्यावर क्रिओल. ही क्रिओल म्हणजे गुलामांच्या आणि मालकांच्या सहवासातून, फ्रेंचच्या आधाराने तयार झालेली बोली. शंभरातली पंचाऐंशीहून जास्त माणसे आज घरात तीच बोलतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या बेटाला मूळचा रहिवासी कोणीच नाही. आपल्या गावात गावठाण, पांढरी, ग्रामदैवत, जुनी घराणी असे काही असते. तिथे तसे काही नव्हते. जंगल होते, पक्षी होते. अरब खलाशांना बेट माहीत होते, पोर्तुगीजही येऊन गेले, पण राहिले कोणी नाही. १५९८ साली डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले. १६३८ साली त्यांनी वसाहत केली, जावा बेटावरून ऊस आणून लावला आणि १७१० साली कंटाळून निघून गेले. उडता न येणारा डोडो नावाचा मोठा पक्षी तेवढ्या काळात जगातूनच नाहीसा झाला. मग १७१५ साली फ्रेंचांनी ताबा घेतला आणि १८१० साली इंग्रजांनी तो त्यांच्याकडून हिसकावला.

म्हणजे त्या देशात जो आहे तो बाहेरून आलेला आहे. फरक एवढाच, की कोणी जमीन घ्यायला आला, कोणाला साखळदंडात आणले, आणि कोणाला कागदावर अंगठा घेऊन आणले.

साखळदंड आणि अंगठा

फ्रेंचांच्या अमदानीत मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेतून माणसे धरून आणली, विकत घेतली. अठराव्या शतकाच्या शेवटी बेटावरच्या दर दहा माणसांत आठ गुलाम होते. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा उभा कडा आहे. पळून गेलेले गुलाम त्या डोंगरात लपून राहत. तिथले लोक सांगतात, की गुलामी संपल्याची वर्दी द्यायला शिपाई डोंगराकडे निघाले तेव्हा हे आपल्याला धरायलाच आले असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही सांगोवांगीची कथा आहे. पण सुटका दाराशी आली तरी ती सुटका आहे यावर विश्वास बसू नये, इतके त्या माणसांनी सोसले होते, हे तर तिच्यातून कळतेच.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामी कायद्याने संपली. सुमारे ६६ हजार माणसे मोकळी झाली. नुकसानभरपाई म्हणून इंग्रज सरकारने वीस लाख पौंड दिले, ते मालकांना. ज्यांची आयुष्ये गेली त्यांना एक दमडी मिळाली नाही. उलट आणखी चार वर्षे त्याच मालकांकडे 'उमेदवारी'च्या नावाने राबावे लागले.

मालकांना ते दिसत होतेच, की मोकळा झालेला माणूस पुन्हा त्या उसात पाऊल टाकणार नाही. म्हणून त्यांनी आधीच हिंदुस्थानकडे नजर लावली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कोलकात्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. ते छोटा नागपूरकडचे आदिवासी होते. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ-डाळ-मीठ असा शिधा. या कराराला इंग्रजीत जो शब्द होता त्याचे आपल्या लोकांनी गिरमिट केले आणि जाणारा तो गिरमिटिया झाला.

त्या छत्तीसांच्या मागोमाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बंदरात उतरली. जिथे उतरली ती जागा आज आप्रवासी घाट म्हणून जपली आहे. तिथे दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. २००६ साली युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा म्हणून मान दिला. आलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा परत गेला, बाकीचे तिथलेच झाले. १८६१ च्या मोजणीत बेटावरच्या शंभर माणसांत साठांहून जास्त हिंदुस्थानी होते. एका पिढीच्या आत सगळा देशच बदलून गेला.

बहुतेक लोक बिहार आणि पूर्वेकडच्या भोजपुरी मुलखातले, त्यांच्या खालोखाल तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने फार थोडे. त्यांत रत्नागिरीकडचे, साताऱ्याकडचे, सावंतवाडी-कोल्हापूरकडचे लोक होते. कुणबी, मराठा, महार अशा अनेक जातींची माणसे त्या एका जहाजात बसली. गावात ज्यांच्या विहिरी वेगळ्या होत्या त्यांना जहाजावर एकाच पिंपातले पाणी प्यावे लागले. समुद्र ओलांडला की जात जाते, असे तेव्हा म्हणत. पोटापुढे तो धाक टिकला नाही. कित्येक आठवड्यांच्या त्या प्रवासात जे सोबत होते ते एकमेकांना जहाजी भाई म्हणू लागले.

आपण वारीत चालताना जात विचारत नाही, एकमेकांच्या पाया पडतो. संतांनी आपल्याला ते शिकवले. त्या लोकांना ते संकटाने शिकवले. पण खरे ते लिहायला हवे : तिथेही जात पुरती गेली नाही. बेटावर स्थिरावल्यावर लग्ने जुळवताना ती पुन्हा डोके वर काढू लागली, आणि राजकारणातही तिचा हिशेब होतो. आपल्या वारीतही अठरा दिवस जे मनात असते ते गावी परतल्यावर किती टिकते, हे आपले आपल्याला ठाऊक आहे.

खाडा

उसाच्या मळ्यात काय होत होते ते थोडक्यात सांगतो. एक दिवस कामावर आला नाही तर त्या दिवसाची मजुरी जायचीच, वर दंड म्हणून आणखी एका दिवसाची कापायची. म्हणजे एका खाड्याला दोन दिवस गेले. महिनाभर राबून हातात काही न पडणारे पुष्कळ. करार संपलेल्या माणसाने जवळ फोटो लावलेला पास बाळगायचा, असा कायदा १८६७ साली झाला. पास नाही, तर शिपायाने धरायचे, दंड किंवा तुरुंग. त्याच सुमारास हिवतापाची मोठी साथ आली आणि हजारो माणसे मेली.

या लोकांची बाजू प्रथम मोठ्याने मांडली ती एका गोऱ्या मळेवाल्यानेच. त्याचे नाव अदोल्फ द प्लेविट्झ. १८७१ साली नऊ हजारांहून जास्त मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज त्याने सरकारकडे दिला. गोऱ्या समाजाने त्याला वाळीत टाकले, भर रस्त्यात मारहाण केली. पण त्या अर्जामुळे १८७२ साली विलायतेहून चौकशी आयोग आला आणि मजुरांचे हाल सरकारी दप्तरात उतरले.

हे वाचताना आम्हाला दुसरेच आठवत होते. आपल्या दिंडीत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. आषाढीला ती आपल्याबरोबर चालतात, कार्तिकीला दिसत नाहीत, कारण तोवर कोयता घेऊन फडावर गेलेली असतात. मुकादमाची उचल अंगावर असते. खाडा झाला की त्यांचाही दंड कापला जातो. बाई आजारी असली तरी उसाच्या मोळीला सुट्टी नाही. दीडशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे जे झाले त्याबद्दल हळहळणे सोपे आहे. काल्याच्या प्रसादातला बत्तासा तोंडात टाकताना तो कोणाच्या हातांनी गोड झाला, एवढे तरी आपण आठवावे.

बैठका

आता या माणसांनी स्वतःला उभे कसे केले ते पाहू. आपल्या दिंडीला त्यातून घेण्यासारखे आहे.

१८७० नंतर मोठ्या मळ्यांचे मालक अडचणीत येऊ लागले आणि कडेकडेची जमीन तुकडे करून विकू लागले. काटकसर करून पैसे साठवलेल्या मजुरांनी ते तुकडे घेतले. मळ्याच्या चाळीतून माणूस स्वतःच्या वस्तीत आला. वस्ती झाली तशी वस्तीत बैठका आली. बैठका म्हणजे गवताने शाकारलेली एक खोली. दिवसभर उसात राबलेली माणसे संध्याकाळी तिथे जमायची, कंदिलाच्या उजेडात रामायण वाचायची, पोरांना अक्षरे शिकवायची, भांडणे मिटवायची, मयताला मदत गोळा करायची. आपल्याकडे देवळात हरिपाठ होतो, त्यानंतर चार माणसे ओट्यावर बसतात आणि गावाचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. तसेच.

१९०१ साली महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून परतताना काही दिवस या बेटावर थांबले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी तिथल्या लोकांना सांगितले. पुढे १९०७ साली त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर नावाचे वकील तिथे गेले आणि मजुरांचे खटले लढले.

मतदान मात्र मालमत्तावाल्यांपुरतेच होते. १९४७ साली कायदा बदलला. ज्याला बेटावरच्या कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येते त्याला मत, असे ठरले. कायदा करणाऱ्यांना वाटले असेल, मजुरांत लिहिणारे असे किती निघतील? पण बासदेव बिसुनदयाल आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी वर्ग घेतले. मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून बाहत्तर हजारांच्या घरात गेली. जी अक्षरे पोथी वाचण्यासाठी शिकली होती त्या अक्षरांनी १९४८ च्या निवडणुकीत देशाचा कारभार बदलायला सुरुवात केली.

भजनाने काय होते, असे विचारणारे आपल्याकडेही आहेत. रोज संध्याकाळी एके जागी बसण्याची सवय असेल तर वेळ आल्यावर माणसे उभी राहतात, हे त्यांना सांगावे.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. गांधीजींची दांडीयात्रा १२ मार्चला निघाली होती, म्हणून तो दिवस धरला. पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम हे बिहारहून आलेल्या मजुराचे चिरंजीव.

घर भरले, मग रिकामे होऊ लागले

त्या देशाच्या लोकसंख्येची कथा तर आपल्या गावांना डोळ्यांसमोर ठेवूनच वाचावी. दुसऱ्या महायुद्धानंतर औषधफवारणी करून तिथला हिवताप आटोक्यात आणला. माणसे मरायची थांबली आणि घरोघरी पाच-सहा मुले जगू लागली. १९४४ साली बेटावर ४ लाख १९ हजार माणसे होती, ती १९६२ साली ६ लाख ८१ हजार झाली. ऊस सोडून दुसरा धंदा नाही, आणि जमीन तर वाढत नाही. विलायतेहून आलेल्या जाणत्या अभ्यासकांनी १९६१ साली अहवाल दिले, की हे असेच चालले तर या देशावर मोठे संकट येईल.

संकट आले नाही. सरकारने आणि कॅथलिक चर्चनेही आपापल्या पद्धतीने कुटुंबनियोजनाचे काम केले. मुली शाळेत गेल्या. १९७० नंतर कापडाचे कारखाने निघाले आणि त्यांत बायका कामाला लागल्या. दहा-पंधरा वर्षांत बाईमागे सहा मुलांवरून तीनावर प्रमाण आले, तेही सक्ती न करता. १९७६ साली माध्यमिक शिक्षण फुकट करण्याचे ठरले. म्हाताऱ्यांना सरसकट पेन्शन तर स्वातंत्र्याच्याही आधीपासून, १९५८ पासून.

आणि आज? बाईमागे मुलांचे प्रमाण दीडच्याही खाली आले आहे. म्हातारे वाढले, पाळणे कमी झाले. पेन्शनचे वय साठावरून पासष्टावर न्यायचे ठरले तेव्हा २०२५ साली तिथे मोठा गदारोळ झाला. शिकलेली पोरे फ्रान्स, इंग्लंड, कॅनडाला जातात. कारखान्यांत काम करायला माणसे कमी पडतात म्हणून बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातून करारावर मजूर आणावे लागतात. ज्या देशाचे आजे-पणजे करारावर आले त्याच देशात आज दुसरे कोणी करारावर येते. त्यांना कसे वागवायचे, ही त्या समाजाची परीक्षा आहे.

आपल्या दिंडीतही पन्नाशीच्या पुढचेच टाळकरी जास्त. पोरे पुण्या-मुंबईला. पखवाजाला माणूस मिळेना म्हणून शेजारच्या गावाला निरोप धाडावा लागतो. म्हणून म्हणतो, ही कथा दूरची नाही.

त्यांच्या वाऱ्या

वारकऱ्याला सगळ्यात जवळची वाटेल अशी गोष्ट आता सांगतो. त्या बेटावरही वारी आहे, आणि एक नाही.

बेटाच्या दक्षिण भागात डोंगरात एक तळे आहे. १८९७ च्या सुमारास त्रिओले गावच्या झुम्मन गिरी नावाच्या पुजाऱ्याला स्वप्न पडले, की या तळ्याचे पाणी गंगेला मिळालेले आहे. पुढच्या वर्षी तो काही लोकांना घेऊन चालत तिथे गेला. तेव्हापासून महाशिवरात्रीला लोक पायी जाऊ लागले. १९७२ साली गंगेचे पाणी आणून त्या तळ्यात ओतले आणि त्याला गंगा तलाव म्हणू लागले. आज महाशिवरात्रीच्या आधी चार-पाच दिवस लाखो माणसे पांढरे कपडे घालून, बांबूच्या सजवलेल्या कावडी घेऊन चालतात. वाटेवरचे लोक, त्यांत मुसलमान आणि ख्रिस्तीही, सरबत, फळे, जेवण घेऊन उभे असतात. इथे आपल्या वाटेवरही असेच घडते.

दुसरी वारी ख्रिस्ती लोकांची. जाक देझिरे लाव्हाल हे मूळचे डॉक्टर, मग पाद्री झाले आणि १८४१ साली बेटावर आले. नुकत्याच सुटलेल्या गुलामांमध्ये ते राहिले, त्यांची क्रिओल बोली शिकले, त्यांची सेवा केली. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते गेले. दर वर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री बेटाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे त्यांच्या समाधीकडे चालत निघतात. त्यांत हिंदूही असतात, मुसलमानही असतात. संताची जात-धर्म चालणाऱ्याने विचारायची नसते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

तमिळ लोक थैपूसमला कावडी घेऊन चालतात. कोणतीही वाट घ्या, पायाने चालणारा माणूस आपला भाऊ वाटतो.

या वाऱ्यांतही आपल्यासारखीच दुखणी आहेत. कावडी वर्षागणिक मोठ्या होत गेल्या, गाडीवर ठेवून ओढायच्या, देखाव्याच्या. २०२४ साली अशी एक उंच कावड विजेच्या तारेला लागली आणि आग लागून काही तरुण यात्रेकरूंचा जीव गेला. त्यानंतर कावडीच्या उंचीवर निर्बंध आले. देखावा वाढला की भक्तीला धोका असतो, हे आपल्या ज्येष्ठांचे म्हणणे आपणही ध्यानात ठेवावे.

मानाचा क्रम

इतक्या जातीधर्मांची माणसे दोन तालुक्यांएवढ्या जागेत राहतात म्हणजे सगळे गोडीगुलाबीत चालते असे नाही. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९६८ च्या जानेवारीत, पोर्ट लुईमध्ये मोठी दंगल झाली. १९९९ साली काया नावाचा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मेला तेव्हा पुन्हा आगी लागल्या.

१९९८ सालची गोष्ट तर आपल्याला हसूही आणील आणि विचारातही पाडील. तिथल्या नोटांवर इंग्रजीनंतर तमिळ आणि मग हिंदी अक्षरे असत. नव्या नोटांवर हा क्रम उलटा झाला. तमिळ लोक संतापले. आम्ही आधी आलो, आमचे अक्षर खाली का? अखेर बँकेला नोटा मागे घ्याव्या लागल्या. रथाच्या पुढे कोणती दिंडी आणि मागे कोणती, यावरून आपल्याकडे झालेले वाद ज्यांनी पाहिले आहेत ते तमिळ लोकांना हसणार नाहीत. मान ही लहान माणसाची मोठी ठेव असते.

त्या देशाच्या संसदेत निवडून आलेल्या बासष्ट जणांखेरीज आठपर्यंत जागा राखून ठेवतात. ज्या समाजाला कमी प्रतिनिधित्व मिळाले त्याच्या पडलेल्या उमेदवारांतून त्या भरतात. यासाठी समाजांची मोजणी १९७२ च्या जनगणनेची धरतात. त्यानंतर 'तुझा समाज कोणता' हे विचारणेच जनगणनेत बंद केले. कोणी म्हणतो, ही पद्धत आहे म्हणून शांतता आहे. कोणी म्हणतो, तिच्यामुळेच माणूस आधी समाजाचा आणि मग देशाचा राहतो. वाद चालू आहे. पण वाद सभागृहात चालू आहे, हीही मोठीच गोष्ट.

आपली माणसे

आणि मराठी माणसे? ती आज तिथल्या लोकसंख्येच्या साधारण दोन टक्के आहेत. कॅस्कावेल, व्हाक्वा, ब्लॅक रिव्हर या भागांत त्यांची जुनी वस्ती. घरात बोलतात क्रिओल. आजीची मराठी नातवाला येत नाही. पण सरकारी प्राथमिक शाळेत मराठी हा विषय घेता येतो, महात्मा गांधी संस्थेत पुढचे शिक्षण मिळते, मराठी मंडळ्या आहेत. गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. एवढ्याशा समाजाच्या सणाला साऱ्या देशाने सुट्टी घ्यावी, हा मोठा मान आहे.

गणपतीपुढे ते झाकरी नाचतात. गोल करून नाचायचे आणि गायचे. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, ही त्यांची जाखडी. ज्या काळात ती माणसे निघाली त्या काळातला कोकणातला नाच तिथे पायांनी लक्षात ठेवला. जिभेवरचे शब्द गेले, पायातला ठेका राहिला. वारकऱ्याला याचे नवल वाटू नये. अभंगाचा अर्थ न कळणारे पोरही पावलीत बरोबर पाऊल टाकते.

त्यांची आडनावे आपल्याला ओळखू येत नाहीत. उतरताना कारकुनाने नाव आणि बापाचे नाव लिहून घेतले, तेही फ्रेंच-इंग्रजी कानाला ऐकू आले तसे. पुढे पणजोबाचे नुसते नावच घराण्याचे आडनाव झाले. पण त्याच दप्तरात गाव, जिल्हा, जात, उंची, अंगावरची खूण असे सगळे लिहिलेले असे, आणि पुढे पुढे फोटोही. मजूर पळून गेला तर धरता यावा, म्हणून ही नोंद. आज ती दप्तरे महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. ज्यांना आपले मूळ शोधायचे आहे ते तिथे जातात, पणजोबाचा नंबर काढतात आणि गावाचे नाव वाचतात. ज्या कागदाने माणसाला बांधले त्याच कागदाने पणतवंडाला गाव परत दिले.

आणि इथेच आम्ही थांबलो. आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. पहिल्या वर्षी कोण कोण चालले? विणेकऱ्यांची नावे पाठ आहेत, चोपदारांची आहेत. पण डोक्यावर तुळस घेऊन चाललेल्या बाया कोण? हंडा कोणी उचलला, भाकऱ्या कोणी थापल्या, वाटेत पटकीने कोण गेले, त्यांना कुठे ठेवले? कोणाकडेच लिहिलेले नाही. परक्या सरकारने धाकासाठी का होईना, मजुराचे नाव लिहिले. आपण प्रेमाने चाललो आणि नावे लिहायची राहून गेली.

म्हणून या स्मरणिकेच्या शेवटी आम्ही काही कोरी पाने ठेवली आहेत. आपल्या घरातले जे जे दिंडीत चालले त्यांची नावे, गाव, वर्ष आठवेल तसे त्यावर लिहावे. मुंबईला गिरणीत गेलेले, परदेशी गेलेले, ऊसतोडीला गेलेले, सगळ्यांची लिहावी. जो गेला त्याचेही, जी कधी पुढे आली नाही तिचेही. पुढच्या शंभर वर्षांनी कोणा पणतवंडाला आपले गाव शोधायचे झाले, तर त्याला समुद्रापलीकडच्या दप्तरापर्यंत जावे लागू नये.

रामकृष्ण हरी.